‘सोलापूर’ हा शब्द नेमका किती लांब?

‘सोलापूर’ या शब्दात अक्षरे किती, असे तिसरीतल्या मुलाला विचारले तर तो बोटांवर मोजून ४ सांगेल: सो, ला, पू, र. हाच प्रश्न जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेला विचारला तर उत्तर ७ येते. तोच शब्द सर्व्हरवरच्या फाइलीत ठेवला की २१ बाइट जागा व्यापतो, ब्राउझरच्या पत्त्यातून एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जाताना ६३ चिन्हांचा होतो आणि बेस-६४ नावाच्या पद्धतीने बांधला तर २८ चिन्हांत मावतो. ही पाचही उत्तरे बरोबर आहेत. वेबसाइटवरची मराठी बिघडल्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ एकच असते: कोणत्या टप्प्यावर यांपैकी कोणते रूप हाताशी आहे, याचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला विसर पडलेला असतो. मी सोलापुरात चादरी, टॉवेल आणि शेंगा चटणी विकणाऱ्या दुकानांच्या वेबसाइटींची कामे करतो, त्यामुळे उदाहरणेही याच बाजारातली घेतो.

सोलापुरी चादरीवर मोर विणणाऱ्या मागाला मोर ठाऊक नसतो. मागाच्या माथ्यावर बसवलेल्या जकार्डमधून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरते, आणि पट्टीला जेथे भोक असेल तेथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथला खाली राहतो. एवढ्यावरच संपूर्ण नक्षी उमटते. जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ मध्ये फ्रान्समध्ये हे यंत्र सिद्ध केले. मोराच्या चित्रावरून पट्ट्यांना भोके पाडणे हे एन्कोडिंग, आणि त्या भोकांवरून मागाने पुन्हा मोर उमटवणे हे डीकोडिंग. मात्र त्याच पट्ट्या वेगळी जोडणी असलेल्या मागावर चढवल्या तर माग थांबत नाही, तक्रारही करत नाही; तो निमूटपणे भलतेच काहीतरी विणत राहतो. वेबवरचा मजकूर बिघडतो तो असाच, कुठेही चूक झाल्याचा संदेश न येता.

संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याला ० ते २५५ यांमधली संख्या दिसते, आणि अशा एका संख्येला बाइट म्हणतात. मजकुराचे बाइट करताना जो तक्ता वापरला, तोच तक्ता बाइटांचा मजकूर करताना वापरला पाहिजे, हा या विषयाचा पाया आहे. अडचण अशी की बाइटांच्या रांगेवर तक्त्याचे नाव लिहिलेले नसते. ते वेगळे कळवावे लागते, आणि कळवायचे राहून गेले की घेणारा अंदाजाने वाचतो.

तक्ते पुष्कळ झाले. १९६३ मध्ये अमेरिकेत जाहीर झालेल्या आस्की या तक्त्यात १२८ जागा होत्या आणि त्या इंग्रजीपुरत्या होत्या. एका बाइटमध्ये २५६ किमती मावत असल्याने उरलेल्या १२८ जागांत ज्याने त्याने आपापल्या भाषेची अक्षरे भरली, आणि त्यामुळे एकाच संख्येचा अर्थ पॅरिसमध्ये एक, मॉस्कोत दुसरा अशी अवस्था झाली. भारतात १९९१ साली इस्की हे मानक आले. त्यात भारतीय लिप्यांची मांडणी समांतर होती, म्हणजे लिपी बदलली तरी ‘क’ची जागा बदलत नसे. छपाईच्या धंद्यात मात्र वेगळीच युक्ती रुळली: फाइलीत रोमन अक्षरांचेच क्रमांक ठेवायचे आणि फॉन्टमध्ये त्या अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार काढायचे. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसे, पण फाइलीत मराठी कधी नव्हतीच. म्हणून वीस वर्षांपूर्वी टाइप केलेली लग्नपत्रिका आज वेबपानावर चिकटवली की रोमन अक्षरांचा कालवा समोर येतो, आणि कितीही एन्कोडिंग बदलले तरी तो सुधारत नाही. त्यासाठी त्या विशिष्ट फॉन्टचा रूपांतरक लागतो.

युनिकोडने हा गोंधळ संपवला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिने प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला जगभर एकच क्रमांक देण्याचे तत्त्व घेतले. देवनागरीच्या वाट्याला २३०४ ते २४३१ हे १२८ क्रमांक आले. ‘स’चा क्रमांक २३६०, ‘ल’चा २३५४, ‘प’चा २३४६ आणि ‘र’चा २३५२. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांनाही स्वतंत्र क्रमांक आहेत. ‘सो’ हे आपल्या लेखी एक अक्षर असले तरी युनिकोडच्या लेखी २३६० आणि २३७९ अशी ती दोन चिन्हे आहेत. त्यामुळे सोलापूर म्हणजे चार व्यंजने आणि तीन स्वरचिन्हे, एकूण ७. ‘नाव १० अक्षरांपेक्षा मोठे नसावे’ असा नियम फॉर्ममध्ये घालणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, नाहीतर ‘सिद्धेश्वर’ या आपल्या मोजणीतल्या चार अक्षरांतच १० चिन्हे खर्ची पडतात आणि आडनावाला जागा उरत नाही.

सोलापूरकराला युनिकोडची थोरवी वेगळी सांगावी लागू नये. येथे पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, शहरभर मराठी आणि बरोबरीने उर्दू चालते, आणि या चारही भाषा एकाच वेबपानावर मांडायच्या म्हटल्या तर जुन्या कोणत्याही एकेरी बाइटच्या तक्त्यात ते शक्य नव्हते. इस्कीची समांतर मांडणी युनिकोडने उचलल्यामुळे एक गमतीशीर गोष्टही घडली आहे. मराठी ‘स’ २३६० वर, तेलुगू ‘स’ ३१२८ वर आणि कन्नड ‘स’ ३२५६ वर आहे. मराठीतून तेलुगूत जायला ७६८ मिळवायचे, तेथून कन्नडमध्ये जायला आणखी १२८. एवढ्या बेरजेवर अचूक लिप्यंतर होईल अशा भ्रमात मात्र कोणी राहू नये, कारण काही जागा एका लिपीत भरलेल्या आणि दुसरीत रिकाम्या आहेत.

क्रमांकाचे बाइट कसे होतात

युनिकोड आणि यूटीएफ-८ हे शब्द अनेक जण एकाच अर्थाने वापरतात, पण त्यांत फरक आहे. युनिकोड क्रमांक ठरवते. तो क्रमांक बाइटांत कसा मांडायचा हे यूटीएफ-८ सांगते. २३६० ही संख्या २५५ पेक्षा मोठी असल्याने ती एका बाइटमध्ये मावणार नाही, हे उघड आहे. ती कशी विभागली जाते ते एकदा हाताने करून पाहिले की पुढचे पुष्कळ कोडे सुटते, म्हणून करूनच पाहू.

‘स’चा क्रमांक २३६०. त्याला ६४ ने भागले की भागाकार ३६ आणि बाकी ५६. बाकीत १२८ मिळवले की शेवटचा बाइट मिळतो, १८४. आता ३६ ला पुन्हा ६४ ने भागायचे. भागाकार ०, बाकी ३६. त्यात १२८ मिळवले की मधला बाइट, १६४. उरलेल्या ० मध्ये २२४ मिळवले की पहिला बाइट, २२४. म्हणजे ‘स’ म्हणजे २२४, १६४, १८४. याच रीतीने ओकाराचे चिन्ह, क्रमांक २३७९, हे २२४, १६५, १३९ होते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह असे तीन बाइटांत बसते, आणि सात त्रिक एकवीस.

१२८ आणि २२४ मिळवण्याचा खटाटोप उगाच नाही. यूटीएफ-८ मध्ये १२८ पेक्षा लहान बाइट नेहमी आस्कीचे अक्षर असतो. २२४ ते २३९ यांमधला बाइट ‘येथून तीन बाइटांचे चिन्ह सुरू होते’ असे सांगतो. आणि १२८ ते १९१ यांमधला बाइट ‘मी कोणाच्या तरी मागे आलेलो आहे’ असे सांगतो. त्यामुळे बाइटांच्या प्रवाहात कुठेही बोट ठेवले तरी चिन्हाची सुरुवात शोधता येते, आणि जुना इंग्रजी मजकूर एकही बाइट न बदलता यूटीएफ-८ म्हणून वाचता येतो. इतकी देखणी रचना केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखाली अंथरलेल्या कागदावर मांडली. मला तरी संगणकशास्त्रातल्या फार थोड्या गोष्टी इतक्या निर्दोष वाटतात.

या रचनेवरून एक व्यावहारिक चूक लगेच ओळखता येते. उत्पादनाच्या वर्णनातले पहिले ५० बाइट घेऊन पुढे तीन टिंबे द्यायची, अशी सोय कोणी लिहिली तर मराठीत ती बहुधा फसते, कारण मध्ये जागा आणि विरामचिन्हे एकेका बाइटची, अक्षरे तीन-तीन बाइटांची, आणि ५० वा बाइट एखाद्या अक्षराच्या पोटातच पडण्याची शक्यता अधिक. मग वाक्याच्या शेवटी काळ्या चौकटीत पांढरे प्रश्नचिन्ह दिसते. ते डीकोड करणाऱ्याने ‘हे बाइट मला लागले नाहीत’ या अर्थाने टाकलेले चिन्ह आहे. मजकूर कापायचा तो बाइटांवर नव्हे तर चिन्हांवर, आणि खरे तर तोही आपण ज्याला अक्षर म्हणतो त्या संपूर्ण गटावर, नाहीतर ‘चटणी’ची ‘चटण’ होते.

बिघाडावरून निदान

पानावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हा पुन्हा दिसत असेल, आणि त्याच्यामागे कधी चार टोके फुटलेले वर्तुळ तर कधी जपानी येनचे चिन्ह येत असेल, तर तो यूटीएफ-८ मधला मराठी मजकूर आहे आणि कोणीतरी तो विंडोज-१२५२ या पश्चिम युरोपीय तक्त्याने वाचला आहे. कारण सरळ आहे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो आणि त्या तक्त्यात २२४ म्हणजे तो तिरक्या रेघेचा ए. दुसरा बाइट १६४ किंवा १६५ यांपैकीच एक. त्या तक्त्यात १६४ म्हणजे ते टोकेरी वर्तुळ आणि १६५ म्हणजे येन. तेलुगू आणि कन्नडचाही पहिला बाइट २२४ च असतो, पण दुसरा वेगळा. ए च्या मागे अंशाचे बारीक वर्तुळ किंवा अधिक-उणेचे चिन्ह येत असेल तर मजकूर तेलुगू, आणि वर चढवलेला बारीक २ किंवा ३ येत असेल तर कन्नड. आमच्या गावात हे ज्ञान अगदीच निरुपयोगी नाही. बिघडलेल्या यादीवर नजर टाकून ‘ही तेलुगू आहे’ असे सांगितले की समोरचा माणूस चमत्कार पाहिल्यासारखा बघतो.

हा बिघाड दिसायला भयंकर असला तरी बहुधा बरा होतो, कारण बाइट जागेवर असतात, फक्त चष्मा चुकीचा असतो. त्याउलट पानावर नुसती साधी प्रश्नचिन्हे, एका चिन्हाला एक अशी ओळीने दिसत असतील, तर ज्या तक्त्यात देवनागरी नाहीच अशा तक्त्यात कोणीतरी मजकूर कोंबला आहे, प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह साठवले गेले आहे, आणि मूळ मजकूर गेला. तो परत येत नाही; बॅकअप शोधावा. रिकाम्या चौकटी दिसत असतील तर मात्र काळजीचे कारण नाही, मजकूर शाबूत आहे आणि पाहणाऱ्याच्या यंत्रावर त्या लिपीचा फॉन्ट तेवढा नाही.

बरा होणाऱ्या बिघाडातही एक खोच आहे. विंडोज-१२५२ च्या तक्त्यात १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच जागा रिकाम्या आहेत. मराठीतल्या हलन्ताच्या चिन्हाचे बाइट २२४, १६५, १४१ असे आहेत. म्हणजे बिघडलेला मजकूर कोणी पडद्यावरून उचलून ईमेलमध्ये चिकटवला आणि वाटेत तो न दिसणारा १४१ गळून पडला, तर दुरुस्तीनंतर साधी अक्षरे परत येतात आणि जोडाक्षरे मोडलेलीच राहतात. ‘चादर’ वाचते, ‘सिद्धेश्वर’ वाचत नाही. ‘ए’ आणि ‘झ’ यांचाही शेवटचा बाइट अनुक्रमे १४३ आणि १५७ असल्याने त्यांच्यावर हीच पाळी येते. म्हणून दुरुस्ती करायची ती मूळ फाइलीवरून करावी, पडद्यावरून उचललेल्या मजकुरावरून कधीही करू नये.

हे टाळायचे तर तक्त्याचे नाव प्रत्येक सांध्यावर सांगावे लागते: सर्व्हरच्या उत्तरासोबत जाणाऱ्या शीर्षात, एचटीएमएल (वेबपान लिहिण्याची भाषा) पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांच्या आत, डेटाबेसच्या टेबलावर आणि डेटाबेसशी होणाऱ्या जोडणीवरही. शेवटच्या ठिकाणी माणसे हटकून चुकतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आणखी एक गोम आहे. तेथले ‘यूटीएफ८’ नावाचे जुने रूप एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट देते. मराठीला आणि २०१० मध्ये युनिकोडात आलेल्या रुपयाच्या चिन्हाला तेवढे पुरतात, पण ग्राहकाने अभिप्रायात चार बाइटांचा हसरा चेहरा टाकला की नोंद नाकारली जाते किंवा तेथून पुढे कापली जाते. तेथे ‘यूटीएफ८एमबी४’ निवडायचे असते. ऑर्डरींची यादी स्प्रेडशीटमध्ये उघडल्यावर मराठी बिघडते, ही तर दर मार्चअखेरची तक्रार. फाइलीच्या अगदी सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट लिहिले की स्प्रेडशीट बहुधा यूटीएफ-८ ओळखते आणि हिशेबनीस शांत होतात.

पत्त्यातून जाणारा मजकूर

येथवर अक्षरांचे बाइट केले. वेबच्या पत्त्यात मात्र कोणताही बाइट चालत नाही. पत्त्याची मांडणी ठरवणारे जे मानक जानेवारी २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानुसार रोमन अक्षरे, अंक आणि चार-दोन चिन्हे तेवढी बिनधास्त लिहिता येतात. उरलेल्या प्रत्येक बाइटसाठी टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे तो बाइट १६ च्या पायावर दोन अंकांत लिहायचा. १६ च्या पायावर १० ते १५ यांसाठी ए ते एफ ही अक्षरे वापरतात, त्यामुळे २२४ म्हणजे ई०, १६४ म्हणजे ए४ आणि १८४ म्हणजे बी८. म्हणून ‘स’ पत्त्यात जाताना %ई०%ए४%बी८ होतो. प्रत्यक्षात ही अक्षरे रोमन असतात आणि प्रत्येक एकाच चिन्हाची जागा घेते. एका बाइटला तीन चिन्हे, २१ बाइटांना ६३. ब्राउझर आपल्याला पत्त्याच्या पट्टीत सुबक ‘सोलापूर’ दाखवतो, आणि तोच पत्ता उचलून दुसरीकडे चिकटवला की टक्क्यांची माळ बाहेर पडते, ती याचमुळे.

पत्त्यातली काही चिन्हे मजकूर नसून पत्त्याची शिवण असतात. प्रश्नचिन्हापासून माहिती सुरू होते, बरोबरचे चिन्ह नाव आणि किंमत जोडते, आणि & हे चिन्ह एक जोडी संपून दुसरी सुरू झाल्याचे सांगते. या & ने मला एकदा चांगलाच धडा दिला. एका दुकानासाठी मी ऑर्डरीचा दुवा बनवला होता, त्यात माहिती अशी जात होती: वस्तू=चादर & टॉवेल&नग=१२. सर्व्हरने ती त्याच्या नियमाने अगदी बरोबर वाचली: वस्तू म्हणजे ‘चादर’, त्यानंतर ‘टॉवेल’ नावाची एक किंमत नसलेली जोडी, आणि नग १२. लातूरच्या लग्नघरी चादरी आणि टॉवेल यांचे बारा जोड जायचे होते. पोहोचल्या बारा चादरी. टॉवेल मागाहून एसटीच्या पार्सलने गेले आणि त्याचे भाडे कोणी भरले हे सांगायला नको.

गंमत अशी की मी एन्कोडिंग केलेले होते, पण चुकीच्या फंक्शनने. जावास्क्रिप्टमध्ये ‘एन्कोडयूआरआय’ आणि ‘एन्कोडयूआरआयकंपोनंट’ अशी दोन फंक्शने आहेत. पहिले संपूर्ण पत्त्यासाठी असल्याने ते शिवणीच्या चिन्हांना, म्हणजे &, =, ?, / यांना हात लावत नाही. लावले तर पत्ताच मोडेल. दुसरे पत्त्यात घालायच्या एका तुकड्यासाठी असते, आणि ते या चिन्हांनाही टक्क्यांत गुंडाळते, जेणेकरून & हे %२६ होऊन निव्वळ मजकूर म्हणून जाते. तुकडा आधी दुसऱ्या फंक्शनने बांधायचा, म्हणजे एन्कोड करायचा, आणि मग पत्त्यात बसवायचा. जोडलेला पत्ता नंतर बांधायला गेले तर कोणते & आपले आणि कोणते ग्राहकाचे, हे कोणत्याच फंक्शनला कळण्याचा मार्ग उरत नाही.

मोकळ्या जागेचेही असेच दोन संसार आहेत. पत्त्याच्या मानकात ती %२० होते, पण एचटीएमएल फॉर्म भरून पाठवला की जुन्या रिवाजाने तिची + होते. सर्व्हर फॉर्मच्या रिवाजाने वाचत असेल आणि आपण मोबाइल क्रमांक न बांधता +९१ असा पाठवला असेल, तर अधिकचे चिन्ह जाऊन तेथे मोकळी जागा पडते आणि क्रमांक अवैध ठरतो.

सर्वांत जास्त दिसणारी चूक मात्र दोनदा बांधण्याची. एका थराने मजकूर बांधला, पुढच्या थराला ते ठाऊक नाही म्हणून त्याने पुन्हा बांधला. टक्क्याचे चिन्ह स्वतः बांधले की %२५ होते, त्यामुळे ६३ चिन्हांच्या सोलापूरचे १०५ होतात, आणि एकदा सोडवल्यावर, म्हणजे डीकोड केल्यावर, पानावर ‘सोलापूर’ऐवजी टक्क्यांची माळ दिसते. यावर ‘मग दोनदा सोडवू या’ हा जो उपाय हमखास सुचतो, तो घातक आहे. टॉवेलच्या वर्णनात ‘१००% सुती’ असे असेल, तर पहिल्या सोडवणुकीनंतर ते नीट ‘१००% सुती’ होते; दुसऱ्या सोडवणुकीत फंक्शन टक्क्यापुढचे दोन अंक शोधू लागते, तेथे मोकळी जागा आणि ‘सु’ सापडतो, आणि प्रोग्राम चूक फेकून थांबतो. जास्तीची बांधणी कोणी केली ते शोधून तेथेच काढावी, दुसरा इलाज नाही.

हाच & एचटीएमएल पानावर लिहिताना पुन्हा वेगळ्या कारणाने अडतो, कारण तेथे तो विशेष चिन्हाची सुरुवात सांगतो आणि < हे टॅगची, म्हणजे पानाची रचना सांगणाऱ्या खुणेची. त्यामुळे पानावर छापताना त्यांचे एचटीएमएलच्या पद्धतीने रूपांतर करावे लागते. पत्त्यातली टक्क्यांची पद्धत तेथे उपयोगाची नाही. हे न करण्याची किंमत नुसत्या बिघडलेल्या अक्षरांपुरती नसते: अभिप्रायाच्या चौकटीत कोणी स्क्रिप्टचा टॅग लिहून ठेवला आणि तो तसाच छापला गेला, तर तो प्रोग्राम पान उघडणाऱ्या प्रत्येक ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये चालतो. डेटाबेसमध्ये मजकूर जसाच्या तसा ठेवावा आणि ज्या दारातून बाहेर पडेल त्या दाराच्या पद्धतीने, बाहेर पडताना, एकदाच बांधावा. देवनागरी अक्षरांचे मात्र अशा विशेष चिन्हांत रूपांतर करण्याची गरज उरलेली नाही. जुन्या पानांत सोलापूर हा शब्द प्रत्येक चिन्हाच्या क्रमांकाने, ‘स’साठी &#२३६०; अशा रीतीने, ४९ चिन्हांत लिहिलेला आढळतो, ते आता निष्कारण आहे.

बेस-६४ बद्दल थोडक्यात. ती पद्धत तीन बाइट घेऊन त्यांची ६४ चिन्हांच्या संचातली चार चिन्हे करते, जेणेकरून चित्र किंवा फाइल फक्त मजकूर जाऊ शकणाऱ्या मार्गाने नेता यावी. देवनागरीचे एक चिन्ह नेमके तीन बाइटांचे असल्याने हिशेब सुटसुटीत होतो, ७ चिन्हांचे २८. जावास्क्रिप्टमधले ‘बीटूए’ हे फंक्शन थेट ‘सोलापूर’ स्वीकारत नाही आणि चूक देते, कारण ते २५५ पर्यंतच्याच क्रमांकांसाठी आहे. आधी ‘टेक्स्टएन्कोडर’ने यूटीएफ-८ चे बाइट करावे लागतात. आणि बेस-६४ म्हणजे कुलूप नव्हे. दुरुस्तीला आलेल्या एका वेबसाइटीत ग्राहकांचे पासवर्ड बेस-६४ करून ‘सुरक्षित’ ठेवलेले मी पाहिले आहेत. ते कोणालाही एका ओळीत सोडवता येतात.

मराठीचे स्वतःचे एक दुखणे यापुढेही उरते. एका दुकानाच्या शोधात ‘पांढऱ्या’ लिहिले तर निम्म्याच चादरी येत. बाइट ठीक, तक्ता ठीक, डेटाबेस ठीक. शेवटी दोन नोंदींचे क्रमांक शेजारी मांडले तेव्हा उलगडा झाला: एका टायपिस्टाने ‘ऱ्या’साठी २३५३ क्रमांकाचा ‘ऱ’ आणि हलन्त वापरला होता, दुसऱ्याने साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाचे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द सारखे, पण आत एक ८ चिन्हांचा आणि २४ बाइटांचा, दुसरा ९ चिन्हांचा आणि २७ बाइटांचा. ‘ॲ’चेही तसेच, २००८ मध्ये युनिकोडने त्याला स्वतंत्र क्रमांक दिला, तरी ‘अ’वर चंद्र काढून तो लिहिणारे आजही पुष्कळ आहेत. युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची सोय, येथे पुरे पडत नाही: ‘र’खाली नुक्ता देऊन लिहिलेला ‘ऱ’ ते एकरूप करते, पण जोडचिन्हाच्या रूपाला ते हात लावत नाही.

मी प्रथम सरळ ते अदृश्य जोडचिन्ह सगळीकडून काढून टाकले, आणि ते चुकले. जोडचिन्ह गेले की ‘र’ आणि ‘य’ यांचा रफार होतो. त्याच आठवड्यात आलेल्या एका ऑर्डरीच्या टिपेत ‘आचाऱ्यांना २४ टॉवेल वेगळे बांधा’ असे होते. छापून निघालेल्या चिठ्ठीवर ते ‘आचार्यांना’ झाले, आणि पॅकिंग करणाऱ्या मावशींनी ते टॉवेल मानाचे समजून जरीच्या पिशवीत भरले. आता ‘र’, हलन्त आणि जोडचिन्ह हे तिन्ही एकत्र सापडले तरच त्यांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालतो, नोंद साठवताना एकदा आणि शोधाचा शब्द हाती आल्यावर एकदा. पांढऱ्या चादरी त्यानंतर सगळ्या सापडू लागल्या.